अश्वशक्तीचा मोह

सोलापुरात घरचा पंप बंद पडायचा तो पाणी येण्याच्या दिवशीच बंद पडतो, आणि यात दैवाचा कोप शोधण्याचे कारण नाही. ज्या यंत्राला चार दिवस जवळजवळ विश्रांती आणि पाचव्या दिवशी, तेही बरेचदा अपरात्री, सलग राबणूक असा शिरस्ता पडून गेला आहे, ते यंत्र राबणुकीच्याच वेळी मान टाकणार हे उघड आहे. शोचनीय आहे ते त्यापुढचे. नळाला पाणी आलेले, हौद भरत आलेला, गच्चीवरची टाकी मात्र कोरडी, चावीवाला कोणत्या क्षणी चावी फिरवून पाणी पुढच्या पेठेला देईल याचा भरवसा नाही, अशा मनःस्थितीत घरचे कर्ते माणूस दुकान गाठते. दुकानदार विचारतो, "जुनी मोटर कितीची होती?" उत्तर येते, "अर्ध्या एचपीची." त्यावर तो अनुभवी आणि आश्वासक स्वरात म्हणतो, "मग आता एकची घ्या की ओ काका, टेन्शनच नको." पुढील आठ-दहा वर्षे ज्या यंत्रावर एका कुटुंबाचे स्नान, स्वयंपाक आणि धुणेभांडी अवलंबून राहावयाची, त्याची निवड एवढ्याच जाबजबाबावर कायम होते.

पंप बदलताना पहिल्यापेक्षा अधिक अश्वशक्तीचा घेण्याची ही जी रीत आपल्या शहरात रूढ झाली आहे, ती माझ्या मते भयातून जन्मलेली आहे, आणि घरमालकाची गाठ, यंत्राचे आयुष्य व गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शेजाऱ्याचा नळ या तिहींना ती सारखीच घातक आहे. मोडलेल्या पंपाच्या जागी आपल्या घराला पुरेल असा लहानात लहान पंप घ्यावा, तोही मोजमाप करून घ्यावा, आणि तो आपल्या हौदावर बसवावा, महापालिकेच्या नळावर नव्हे, असे माझे म्हणणे आहे. ते ऐकायला साधे वाटते. परंतु या शहरात ते जवळजवळ पाखंड ठरते.

हे भय कोठून आले याची कैफियत थोडक्यात मांडली पाहिजे. सोलापूर हे पर्जन्यछायेतले गाव. पाण्यासाठी त्याला नेहमीच दूर पाहावे लागले. इंग्रजी अमदानीत अदिला नदीवर बांधलेला, आपण ज्याला हिप्परग्याचा म्हणतो तो एकरुखचा तलाव १८७१ साली पुरा झाला. पुढे गिरण्या आल्या, पेठा वाढल्या, आणि भीमेकडे धाव घ्यावी लागली. भीमेकाठच्या टाकळीच्या उपशासाठी औज आणि चिंचपूर या बंधाऱ्यांत साठवण करावयाची, तर ते भरण्यासाठी उजनी धरणातून नदीपात्रात पाणी सोडावे लागते, आणि वाटेतील उन्हाने, वाळूने व उपशाने आपापला हिस्सा घेतल्यावर उरेल ते आपल्या वाट्याला येते. खुद्द उजनीहून सुमारे एकशे दहा किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात पाणी येते, ते निराळेच. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ या केंद्रांतून निघालेले पाणी शहरभर एकाच वेळी देता येत नाही म्हणून पेठवार पाळ्या लागल्या, आणि पाळ्यांचे अंतर वाढत जाऊन तीन, चार, पाच दिवसांवर गेले. उजनीचा यशवंतसागर शंभर टक्के भरल्याची बातमी वाचावी आणि त्याच दिवशी आपला नळ कोरडा असावा, हा विरोधाभास सोलापूरकराच्या अंगवळणी पडला आहे. अशा गावात प्रत्येक घर हे आपापले जलदाय खाते होऊन बसते: खाली हौद, वर टाकी, मधे पंप, आणि या खात्याचा अधिकारी म्हणून ज्याला कोणीही शिकवले नाही असा घरमालक.

या परिस्थितीत हौदावर पंप बसवणे ही चैन नसून निकड आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे नळाच्या जोडणीलाच मोटर लावून सार्वजनिक वाहिनीतून पाणी ओढून घेण्याला. हा प्रकार कसा वाढतो ते पाहण्यासारखे आहे. गल्लीत पाणी येते तेव्हा वाहिनीतील दाब आधीच बेताचा असतो. पहिला गृहस्थ अर्ध्या अश्वशक्तीची मोटर जोडतो. त्याच्या पुढच्या घराचा नळ त्याबरोबर मंदावतो. तो पुढचा गृहस्थ दुसऱ्या पाळीला एक अश्वशक्तीची आणतो. आणि शर्यत सुरू होते. वाहिनीत येणारे पाणी मात्र पूर्वी होते तेवढेच असते, कारण मोटर पाणी निर्माण करीत नाही, ती केवळ वाटणी बदलते. यात अंतिम विजय कोणाचाच होत नाही, परंतु अंतिम पराभव कोणाचा हे ठरलेले असते: ज्याच्या घरी हौद बांधण्यास जागा नाही, मोटर घेण्यास पैसा नाही आणि जो गल्लीच्या चढावरच्या टोकाला राहतो, त्याचा.

यापेक्षाही गंभीर अशी एक गोष्ट आहे आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. वाहिनीत दाब असतो तोवर तिच्या सांध्यांतून पाणी बाहेर झिरपते. हे नुकसान खरे, पण ते पाण्याचे. अनेक मोटरी एकाच वेळी ओढू लागल्या की वाहिनीतील दाब भोवतालच्या हवेच्या दाबाखाली उतरतो, आणि मग त्याच सांध्यांतून बाहेरचे द्रव्य आत शिरते. आपल्या जुन्या पेठांत पाण्याची वाहिनी आणि गटार यांचे शेजार किती निकटचे आहे हे सांगावयास नको. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ व दुर्गंधीयुक्त येते अशी तक्रार आपण महापालिकेच्या दप्तरी नेतो; त्या दुर्गंधीस आपल्या जिन्याखालची मोटर कितपत कारण आहे हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही. महापालिका अधूनमधून मोहीम काढून अशा मोटरी जप्त करते, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि पुढच्या पाळीला नव्या मोटरी सुरू होतात.

ज्यांना पाणी खरोखरच मोजून वापरावे लागते असे लोक पंप कसा निवडतात, हे पाहावयाचे तर सोलापूरच्या पाण्यापासून फार दूर, समुद्रावर गेले पाहिजे. गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा अथांग जलराशीवर राहूनही पिण्याचे पाणी किती मर्यादित असते याची जाणीव मराठी वाचकाला झाली असेल. पर्यटनासाठी समुद्रावर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या यांत्रिक नौकांचीही तीच अवस्था असते. काहीशे लिटरांची टाकी, बारा किंवा चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटासा पंप, त्याच्या अलीकडे एक गाळणी, पलीकडे दाब सांभाळणारे एक लहान पात्र, आणि मग मोरी, स्नानगृह, स्वयंपाकघर यांतले दोन-चार नळ, एवढाच तो सारा संसार. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो, नळ मिटला की दाब चढून तो थांबतो. असा पंप निकामी झाला म्हणजे त्या नौकेचा जाणता मालक अधिक मोठा पंप शोधावयास निघत नाही. एकाच वेळी किती नळ उघडले जातात, त्यांना मिनिटाला किती लिटर पाणी पुरते, आपली बॅटरी किती प्रवाह देऊ शकते, नळ्यांचा व्यास काय आहे, रात्री कोणी झोपले असता त्याचा आवाज किती होईल, आणि टाकी संपून तो कोरडा चालला तर जळेल की टिकेल, या प्रश्नांची उत्तरे तो आधी कागदावर मांडतो. मोठा पंप घेतला तर त्याची टाकी लवकर रिकामी होईल आणि बॅटरीही लवकर उतरेल, पाणी मात्र एक थेंबही वाढणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. सोलापुरातील घराची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. पाण्याचा साठा पाच दिवसांतून एकदा भरावयाचा आणि मधल्या काळात तो पुरवावयाचा, हेच आपलेही प्राक्तन आहे.

त्या नाविकाची आणखी एक सवय उचलण्याजोगी आहे. पंप मेला असे म्हणण्यापूर्वी तो खरोखरच मेला आहे काय याची तो चौकशी करतो. आपल्याकडे ही चौकशी होत नाही, आणि पुष्कळ पंप जिवंतपणीच भंगारात जातात. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. तो अल्प खर्चात बदलता येतो. मोटर फिरते पण पाणी चढत नाही, किंवा दर वेळी तोंडातून पाणी भरून द्यावे लागते, तेव्हा हौदाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये खडा किंवा शेवाळ अडकून तो मिटत नसतो आणि नळीतले पाणी परत खाली उतरते, अथवा ओढीच्या नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत असते. बरेच दिवस बंद राहिलेला पंप जाम होतो, तो उघडून आतला गंज आणि क्षार काढला की पुन्हा चालतो; आपल्याकडील बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने इंपेलरवर पांढरा थर बसतो आणि पाणी दिवसेंदिवस कमी चढते, ते तर इतक्या हळूहळू की दोष पंपाच्या वयाला दिला जातो. आणि एक कारण असे आहे की ज्यासाठी नवा पंप आणूनही काही उपयोग नाही. पाणी सुटले की साऱ्या आळीच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब उतरतो. मोटरचे फिरवण्याचे बळ व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले तर ते बळ जवळजवळ तीन-पंचमांशावर येते. अशा वेळी न उचलणारी मोटर दोषी नसते, आणि तिच्या जागी अधिक अश्वशक्तीची आणली तर ती त्याच दुबळ्या तारेतून अधिक प्रवाह ओढून शेजाऱ्याच्या मोटरचेही बळ घटवते. पाणी आल्यावर तासाभराने, दाब सावरल्यानंतर, हौदातले पाणी वर चढवावे, हा उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करीत नाही.

ही सारी तपासणी करूनही पंप बदलणेच प्राप्त असेल, तर मग मोजपट्टी हातात घ्यावी. हौदाच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजावी. दुमजली घराला ती साधारण बारा मीटर भरते. त्यात नळीतून वाहताना होणाऱ्या घर्षणाची भर घालावी; वळणे फार नसतील आणि नळी एक इंची असेल तर दोन-तीन मीटर पुरेत. म्हणजे आपल्याला पंधरा मीटरपर्यंत पाणी चढवावयाचे आहे. आता हजार लिटर पाणी अर्ध्या तासात वर जावे अशी अपेक्षा धरली, तर त्या पाण्याला प्रत्यक्ष लागणारी शक्ती होते सुमारे ऐंशी वॅट. छोट्या पंपाची कार्यक्षमता बेताचीच असते हे जमेस धरूनही तीनशे वॅटच्या आत काम भागते, आणि अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॅट. विजेचा हिशेब केला तर या हजार लिटरांना एका युनिटच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज लागते. सर्वसाधारण दुमजली घराला अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक कशाला हवे, हा प्रश्न दुकानदाराला विचारून पाहावा. माझ्या पाहण्यात तरी त्याचे उत्तर मोजमापात आलेले नाही. ते "लोक एकचीच घेतात" एवढ्यावर थांबते.

नळीविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण पंपाचा पुष्कळसा दोष हा नळीचा असतो. तेवढ्याच वेळात तेवढेच पाणी न्यावयाचे असता एक इंची नळीऐवजी पाऊण इंची घातली तर घर्षण चौपटीहून अधिक होते; आणि त्याच नळीतून दुप्पट पाणी न्यावयाचे म्हटले तरीही ते जवळपास चौपट होते. म्हणजे जुन्या पाऊण इंची नळीवर दुप्पट ताकदीची मोटर बसवणारा गृहस्थ जादा शक्तीपैकी मोठा भाग नळीच्या भिंती घासण्यात खर्च करतो, आणि महिन्याअखेर वीजबिलाविषयी तक्रार करतो. तेच पैसे नळी बदलण्यात घातले असते तर जुन्या मापाच्या पंपानेही त्याला सुखी केले असते. ओढीच्या बाजूला तर निसर्गाचाच कायदा आडवा येतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तो केवळ पोकळी निर्माण करतो आणि हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब दहा मीटरहून किंचित अधिक उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. सतराव्या शतकात इटलीतल्या विहिरखोदकांना आणि पंप करणाऱ्यांना जी मर्यादा ओलांडता येईना आणि जिचा उलगडा पुढे गॅलिलिओच्या शिष्याने, टॉरिचेल्लीने, केला ती हीच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच असल्याने आपल्या वाट्याला याहून थोडी कमीच उंची येते, आणि व्यवहारात सात मीटरांच्या पलीकडे वरून ओढण्याची आशा धरू नये. अश्वशक्ती कितीही वाढवली तरी या कायद्यात सवलत मिळत नाही.

आता दुकानातील खोक्याकडे वळू. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की हा पंप तीस मीटर उंच पाणी चढवतो आणि ताशी दोन-अडीच हजार लिटर देतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण एकाच वेळी नव्हे. तीस मीटर ही ती उंची की जेथे पाणी पोहोचते पण वाहत नाही, आणि तो प्रवाह बहुधा उंची जवळजवळ शून्य असतानाचा. या दोन टोकांच्या मधे आपले घर कोठे बसते ते सांगणारी एक आलेखरेषा प्रत्येक प्रतिष्ठित उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते, आणि ग्राहकाने मागावयाची वस्तू जर कोणती असेल तर ती हीच. पंधरा मीटरला किती लिटर, एवढाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ज्या दुकानात मिळत नाही तेथून पंप न घेता परत यावे, मग हौद भरत असो की नसो.

प्रकारांविषयी माझी मते काहीशी ठाम आहेत. घरोघरी दिसणारा स्वस्त आणि लहान, पाणी स्वतः ओढून घेणारा पंप उंची चांगली देतो, परंतु त्याचे आतले चाक आणि आवरण यांत केसाएवढे अंतर असते आणि वाळूचे चार कण गेले की ते अंतर वाढून त्याचा जीव निम्मा होतो. उजनीच्या पाण्यातून न गाळला गेलेला गाळ आणि न धुतलेल्या हौदाचा तळ या दोहोंपुढे तो फार दिवस टिकत नाही. शिवाय त्याच्या वरची कळ मिटलेली राहून तो चालला तर त्याच्यावरचा भार वाढतो आणि मोटर तापते, हे बसवणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते. साधा केंद्रोत्सारी पंप याबाबतीत सोशिक असतो. गाळाला तो कमी घाबरतो, आणि थोडा अधिक महाग पडला तरी दुरुस्तीला सोपा असतो. हौदातच बुडवून ठेवावयाचा पंप मला आपल्या उन्हाळ्यासाठी उत्तम वाटतो: त्याला पाणी भरून द्यावे लागत नाही, हवा धरत नाही, आवाज करीत नाही, आणि त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली तळत बसण्याऐवजी तो गार पाण्यात राहतो. गुंडाळीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिच्या वेष्टनाचे आयुष्य निम्मे होते, असा विद्युत्तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे पंप कोठे ठेवावयाचा हा प्रश्न कोणता घ्यावयाचा याइतकाच महत्त्वाचा ठरतो. मात्र पाण्यात विजेचे यंत्र ठेवावयाचे तर अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण या दोन गोष्टींत काटकसर करणे हा अक्षम्य अपराध समजावा. हौदात उतरणारा माणूस बहुधा घरातलाच कोणीतरी असतो.

गुंडाळी तांब्याची घ्यावी की ॲल्युमिनियमची, यावर दुकानांत बरीच वादावादी चालते. तांब्याची घ्यावी, आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे, वाद संपला. कंपनी कोणती, या प्रश्नात मी पडत नाही. महाराष्ट्राला पंपांच्या बाबतीत परक्याकडे पाहण्याचे कारण कधी नव्हते. कुंडल रोडच्या माळावर १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरापासून सुरुवात केली आणि १९२६ च्या सुमारास तेथे केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. खुद्द सोलापुरातही पंप आणि मोटरी करणारे, ओतकाम करणारे कारखाने उभे राहिले. विद्या आपल्या दारात आहे. ग्राहकाच्या चौकशीत ती उतरली नाही, एवढेच.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. पाणी पाचव्या दिवशी, अनिश्चित वेळी आणि अर्धा तास येणार, हौद बांधावयास झोपडपट्टीत किंवा जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत जागा नाही, मग त्या माणसाने नळाला मोटर लावू नये तर काय करावे? त्याला नीतीचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, आणि महापालिकेलाही तो पुरता नाही. ज्या संस्थेला दरडोई रोज १३५ लिटर हे आपल्याच देशातील पाणीपुरवठ्याचे मान्य प्रमाण पाळीपाळीने का होईना घरात पोहोचवता येत नाही, तिने नागरिकाची मोटर जप्त करताना थोडे संकोचावे हे बरे. परंतु याचा अर्थ मोटरींचा सुळसुळाट मान्य करावा असा होत नाही. अधिक शक्तीची मोटर घेऊन चढाओढ करणारा बहुतेक वेळा तो दोन खोल्यांतला माणूस नसतोच. ज्याच्या अंगणात हौद आहे, गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि तरीही हौद लवकर भरावा म्हणून ज्याने नळालाही एक मोटर लावून ठेवली आहे, तो असतो. जप्तीची मोहीम त्याच्या दारापासून सुरू व्हावी आणि मग चढावरच्या टोकाकडे जावी. आजवर ती उलट्या दिशेने चालत आल्याची शंका अनेकांना आहे.

महापालिकेकडून मागण्या करावयाच्या त्या मोठ्या नाहीत. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या पाण्याचे वाटप, पाण्याचे मीटर, नव्या टाक्या हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर सभागृहात बोलणारे पुष्कळ आहेत. मला हव्या आहेत त्या दोन लहान तजविजी. पहिली अशी की, पेठेचे पाणी किती वाजता सुटणार आणि किती वाजता बंद होणार हे निदान आदल्या सायंकाळी जाहीर व्हावे आणि पाळले जावे. वेळेचा भरवसा आला तर अर्ध्या रात्री मोटर उगाच चालू करून बसण्याची आणि कोरडी चालवून जाळण्याची गरज उरणार नाही. दुसरी अशी की, बांधकामाचा परवाना देताना हौदाची अट घातली जाते, तशीच हौद रिकामा झाल्यावर आणि टाकी भरल्यावर पंप आपोआप थांबवणाऱ्या तरंगत्या बटणाची अटही घालावी. पाणी आलेल्या दिवशी आपल्या गल्ल्यांतून गच्चीवरून ओसंडणारे पाणी रस्त्यावर वाहत असते. पंप मोठे आहेत म्हणून टाक्या लवकर भरतात, आणि झोपेत असलेल्या मालकाला ते समजत नाही. पाच दिवसांनी येणारे पाणी पाच मिनिटांत गटारात जाणे हे या शहरातले सर्वांत उघड आणि सर्वांत दुर्लक्षित दृश्य आहे.

जुन्या पंपाचे काय करावे, हा प्रश्न शेवटी उरतो. भंगारवाला वजनावर घेऊन जाईल, आणि तांब्याच्या लोभाने थोडे अधिकही देईल. माझा सल्ला असा की, त्याची गुंडाळी जळली असेल तर नवी करून घ्यावी, बेअरिंग आणि सील बदलावे आणि तो कोरडा करून, फडक्यात गुंडाळून घरात ठेवावा. आपल्या गावात रिवाइंडिंगचे काम करणारे कुशल हात पेठापेठांतून आहेत. यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करता करता ते तयार झालेले आहेत, आणि घरगुती मोटर ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब असते. नवा पंप त्याच मापाचा, शक्य तर त्याच बनावटीचा घेतला असेल, तर त्याचे इंपेलर, सील, कंडेन्सर दोहोंना चालतात, जोडणीच्या नळ्यांचे माप बदलावे लागत नाही, आणि पाणी सुटलेल्या रात्री एकाने दगा दिला तर दुसरा बसवण्यास वायरमनला बोलवावे लागते, दुकानदाराला उठवावे लागत नाही. अधिक अश्वशक्तीचा घेतला असेल तर ही सोय नाही. जुना पंप, दुरुस्त असो की नादुरुस्त, नव्याच्या नळीला बसत नाही, आणि तो भंगारातच जातो.